दव उतरेपर्यंत

सात वाजून गेलेत. भिलारच्या पुढं, डोंगरउतारावर टप्पे पाडून केलेल्या या दीड एकराच्या वावरात आठ बाया येऊन उभ्या आहेत आणि एकीनंही अजून फळाला हात लावलेला नाही. रिकामे क्रेट बांधावर पडलेत. पनेटच्या, म्हणजे फळं भरायच्या छोट्या डब्यांच्या, चळती काकींनी गोणपाटावर मांडून ठेवल्यात. गाडी अकराला येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी सगळ्याजणी गादीवाफ्यांच्या टोकाशी, हात पदराखाली घेऊन, काल कुणाच्या हळदीला किती माणूस होतं याचा हिशेब करत उभ्या. धुकं दरीतून वर येतं, वावरावरून सरपटतं आणि पुन्हा दरीत उतरतं. जानेवारीचा दुसरा आठवडा आहे. वेण्णा तलावाकडं परवा हिमकण पडले म्हणतात.

वावर आबांचं, काकी त्यांच्या घरच्या. आबा वाकतात. स्ट्रॉबेरीच्या पानाची कड बोटानं पुसतात आणि ते बोट माझ्यासमोर धरतात.

"अजून न्हाय."

मीही वाकते. पानाला करवतीसारखे दाते आहेत आणि प्रत्येक दात्याच्या टोकावर एकेक थेंब, मोजून ठेवल्यासारखा. हे दव नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी झाड पानाच्या कडेनं बाहेर टाकतं, ते हे. दव निराळं. ते पानाच्या पाठीवर, देठावर, फळाच्या गालावर बारीक भुकटीसारखं बसलंय. बुरशीला मात्र या दोन पाण्यांतला फरक कळत नाही. तिला पान ओलं मिळाल्याशी मतलब.

"वलं फळ पनेटात गेलं, की पुण्याला पोचूस्तवर त्याला दाढी फुटती," आबा म्हणतात. ते उठतात, घड्याळ बघतात आणि बायांकडं बघून मान हलवतात. गप्पा पुढं चालू.

मी आले आहे ते 'ताकाचं वावर' बघायला. हे नाव बायांनी पाडलं. आबांचे दोन टप्पे आहेत. वरच्या टप्प्यात सगळे करतात तशी फवारणी होते, बुरशीनाशकांच्या डब्यांवर बघून. खालच्या अर्ध्या-पाऊण एकरात गेली तीन वर्षं तो डबा गेलेला नाही. तिथं ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास, आंबट ताक, थोडं गंधक आणि पुष्कळ वाकणं. शेवटचा शब्द काकींचा. वाकायचं काम त्यांच्याकडं आहे.

साडेसातला ऊन बांधावर येतं. पावणेआठला पहिली बाई सरीत उतरते.

तोडा बघत राहावा असा असतो. डावा हात पानं बाजूला करतो, उजव्या हाताची दोन बोटं फळाला न दाबता देठ चिमटतात आणि मनगट किंचित वळतं. फळ हिरव्या टोपीसकट, बोटभर देठासह हातात. दाबलेलं फळ संध्याकाळी ओळखू येतं म्हणतात. बोटाचा ठसा काळसर होतो आणि बुरशी तिथूनच आत शिरते. पिकलेलं तेवढंच तोडायचं, कारण स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग चढतो, साखर चढत नाही. जितकी गोडी झाडावर आली तितकीच.

दर बाईच्या कमरेला एक झाकणाची बादली अडकवलेली आहे, पिशवी नव्हे. पनेट पुढच्या क्रेटमध्ये भरतात, बादलीत फक्त खराब फळं. मी विचारते की ही सरीत टाकली तर काय बिघडलं, मातीच होईल की त्यांची. शेजारच्या सरीत नेमकी तीच चूक घडते. जावळीकडून नवीन आलेली एक पोरगी, वय असेल अठरा-एकोणीस, एक मऊ पडलेलं फळ उचलते आणि सवयीनं मागं भिरकावते. काकी सरीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. तिथून आवाज येतो.

"ए बये, उचल ती! तुझ्या सासूचं घर हाय का इथं?"

पोरगी हसत जाऊन फळ शोधते. ते सापडल्यावर काकी माझ्या तळहातावर ठेवतात. एका बाजूनं तांबडं, तजेलदार. दुसऱ्या बाजूला तपकिरी डाग आणि डागावर राखाडी मखमल. नुसतं उचललं तरी मखमलीतून धुरासारखं काहीतरी उडतं.

ही करडी बुरशी, बोट्रायटिस. नाव ग्रीक, अर्थ द्राक्षाचा घोस. आबांच्या पुतण्याकडं दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, त्यातून बघितल्यावर नावाचं मर्म कळतं: बारीक काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला घोस. घोसातला एकेक मणी म्हणजे एकेक बीजाणू. मघाशी जो धूर उडाला त्यात ते किती होते याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. सरीत पडलेलं एक फळ रात्रभर तेच करत बसतं.

पण खरी गोष्ट यापुढं आहे आणि ती आबा एक फूल तोडून सांगतात. पांढऱ्या पाच पाकळ्या, मधे पिवळा गोंडा.

"ताई, फळावर दिसती ती बुरशी आज आल्याली नसती. ती हितं आल्याली असती. म्हैन्यामागं."

फूल उमललेलं असताना बीजाणू केसरांवर, पाकळ्यांवर पडतो. पाकळी वाळते, गळते किंवा फळाच्या बुडाशी चिकटून राहते. बुरशी तिथं शिरते आणि काहीच करत नाही. हिरव्या फळात तिचं फारसं चालत नाही. आंबटपणा आणि कच्च्या फळातली काही द्रव्यं तिला रोखून धरतात. महिन्याभरानं साखर उतरते, साल मऊ होते, मग ती जागी होते. म्हणजे आज जे फळ सडलं त्याचा निकाल डिसेंबरच्या एखाद्या ढगाळ दुपारी लागला होता. फळावर दाढी दिसल्यावर पंप पाठीला लावणारा माणूस निघून गेलेल्या पाहुण्याला चहा विचारतोय.

यातून आबांच्या शेतीचा पेच सुरू होतो. स्ट्रॉबेरीच्या एकाच झाडावर एकाच वेळी कळी, फूल, हिरवं फळ, पांढरं फळ आणि लाल फळ असतं. फूल वाचवायला फवारावं तर शेजारचं लाल फळ उद्या तोडायचंय. या थंडीत दर तिसऱ्या दिवशी तोडा, ऊन वाढलं की दिवसाआड. बुरशीनाशकाच्या डब्यावर मात्र लिहिलेलं असतं की फवारल्यावर अमुक दिवस फळ तोडू नये. ते दिवस औषधागणिक वेगळे. काहींचे इतके की मधे दोन तोडे जातात.

"आन् फळ काय थांबतंय व्हय?" आबा विचारतात. "आंब्याची साल काढत्यात, केळ्याची काढत्यात. ह्याची कोण काढतो? पर्यटक तर झाडाचं तोडून तोंडात."

मी उत्तर देत नाही, कारण माझ्या तोंडात या क्षणी तेच आहे. खालच्या टप्प्यातलं, एवढंच समाधान.

साडेनऊला पुतण्या येतो. शेतकीची पदवी घेऊन वर्ष झालंय. कानात एक तार लोंबतेय आणि हातात काळी नळी, गोडी मोजणारा ब्रिक्समीटर. तो एक फळ चिमटून काचेवर दोन थेंब पाडतो, झाकण लावतो आणि नळी उजेडाकडं धरून मला देतो. आत वर निळं, खाली पांढरं; दोघांच्या मधली रेघ आठ आणि नऊच्या मधोमध. मग वरच्या टप्प्यातलं फळ. रेघ जवळजवळ तिथंच. मी पुन्हा बघते. तिथंच.

"लिहू नका हं ताई," तो म्हणतो. "दोन फळांवर काय ठरत नसतं."

त्याचं म्हणणं खरं आहे म्हणूनच लिहितेय. सेंद्रिय म्हणजे गोड, हे वाक्य रस्त्याकडेच्या प्रत्येक स्टॉलवर ऐकू येतं आणि मला ते कधीच पटलेलं नाही. गोडी येते ती थंड रात्रींनी, निरोगी पानांनी आणि तोड्याच्या आदल्या दिवशी पाणी आवरतं घेतल्यानं. मग पुतण्या मला वावराच्या एका कोपऱ्यात नेतो. तिथं पानं वाटीसारखी वर वळलीत आणि खालच्या बाजूला जांभळट डाग. ही भुरी. नाशिकच्या द्राक्षवाल्याला जी भुरी झोपू देत नाही तिची ही चुलत बहीण. गंमत म्हणजे भुरीला ओलं पान नकोच असतं. कोरडी हवा, गार रात्र, दाट पानोळा तिला पुरतो. करड्या बुरशीचा आठवडा संपला की हिचा सुरू होतो. इथलं फळ लाल आहे, पण त्याला तकाकी नाही, आणि बिया जरा जास्तच वर आलेल्या. दोन थेंब काचेवर. रेघ सहाच्या जरा वर.

"पान आजारी, तर साखर कोण करणार?" पुतण्या म्हणतो.

माझ्या मते दिवसभरातलं कळीचं वाक्य हेच. उपाय डब्यातला असो की ताकाचा, तो फळात साखर ओतत नाही. तो पान शाबूत ठेवतो, नाही तर ठेवत नाही. फळाची चव त्यामागून येते.

पुतण्याला अभ्यासही ठाऊक आहेत. कॅलिफोर्नियात तेरा सेंद्रिय शेतं आणि त्यांच्या शेजारची तेरा नेहमीची शेतं घेऊन वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या जॉन रेगनॉल्ड यांच्या गटानं तुलना केली; २०१० साली ती छापून आली. सेंद्रिय फळं जास्त टिकली, त्यांत क जीवनसत्त्व जास्त निघालं. पण चाखणाऱ्यांना तीन वाणांपैकी एकच वाण सेंद्रिय असताना ठळकपणे जास्त गोड लागला. "म्हणजे वाण पण बोलतो," तो म्हणतो. इथं विंटर डॉन आहे, दोन वाफे नाभिला. त्यांचं म्हणणं काय, ते इथंच विचारावं लागेल.

घराला लागून पत्र्याची शेड आहे. आत शिरताच नाकात तीन वास घुसतात: गूळ, आंबट ताक आणि कुठंतरी मागं गंधक. निळ्या पिंपाच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधलंय. आबा फडकं सोडतात. वर तपकिरी फेस, खाली गुळाच्या पाण्यात वाढवलेलं स्युडोमोनास. पुतण्या तोंड वाकडं करतो. त्याला हे घरचं वाढवणं मान्य नाही. पिशवीतले जिवाणू गुळाच्या पाण्यात टाकले की तेच वाढतात की हवेतलं आणखी कोणी, हे डोळ्यांनी कळत नाही, असं त्याचं म्हणणं. काकापुतण्यांचा हा वाद रोजचा दिसतो, कारण दोघंही एकमेकांचं वाक्य पुरं करतात.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. जीवामृत पंपात कधीच भरायचं नाही. शेण, गोमूत्र, बेसन, गूळ असलेलं ते पाणी ठिबकमधून, चंदेरी मल्चिंग कागदाच्या खाली, मुळाशीच जातं. जे फळ न सोलता आणि बहुतेक वेळा न धुताही खाल्लं जातं, त्याच्यावर शेणाचं पाणी उडवणं म्हणजे बुरशीऐवजी जुलाब विकणं. सेंद्रियाच्या भरात हे करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना सांगितलं की ते दुखावतात.

ट्रायकोडर्माचं काम लागवडीपासूनच सुरू होतं. सप्टेंबरच्या अखेरीस वाईकडच्या रोपवाटिकांतून रोपं वर येतात तेव्हा मुळं या द्रावणात बुडवून लावायची आणि शेणखतात मिसळून वाफ्यातही टाकायची. हीसुद्धा बुरशीच. ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांभोवती वेटोळं घालते आणि कायटिन विरघळवणारी द्रव्यं सोडते. कायटिन म्हणजे ज्याचं कोळंबीचं कवच बनलेलं असतं ते. बुरशीची भिंतही त्याच विटांची. त्याहून मोठं काम म्हणजे जागा अडवणं. आधी येऊन बसलेल्याला एसटीत उठवता येत नाही, तसं.

ताकाची गोष्ट वेगळी. ते फक्त भुरीवर. दहा लिटर पाण्याला एक लिटर, लोणी पूर्ण काढलेलं, कारण स्निग्धांश राहिला तर पानावर तेलकट थर बसतो आणि वास राहतो. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ साली गाईचं दूध पाण्यात मिसळून झुकिनीवरच्या भुरीवर आजमावलं; दहा टक्के दुधानं भुरी औषधाइतकी आटोक्यात राहिली, असं त्यांना दिसलं. आपल्याकडची आजी हे ऐकून हसली असती. पण दूध का चालतं याबद्दल पुढं जे सुचवलं गेलं ते शेतात उपयोगाचं आहे: दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की बुरशीला मारक अशी द्रव्यं तयार होतात. म्हणून ताक सकाळच्या उन्हात मारायचं. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास मात्र उन्हानं मरतात, ते सांजेला. एकाच पंपात दोन्ही घालून वेळ वाचवणाऱ्यानं दोन्ही वाया घालवलं.

शेडच्या कोपऱ्यात एक पिशवी भिंतीकडं तोंड करून ठेवलीय. मी विचारते. आबा जरा थांबतात.

"त्ये पोटॅशियम बायकार्बोनेट. चांगलं हाय. पर फळावर पांढरं बसतं."

चांगलं आहे म्हणजे भुरीवर लागू पडतं. पण वाळलं की लाल फळावर पांढरी साय. स्ट्रॉबेरी धुवून विकता येत नाही, धुतली की तिचं आयुष्य संपलं. त्या पांढऱ्या डागांच्या पनेट घेऊन आबा गेले तेव्हा व्यापारी म्हणाला, औषध मारलेला माल आणलाय. विष न मारता विषाचा आळ. त्या दिवशीचा सगळा माल क्रशसाठी गेला, निम्म्याहून कमी भावानं. गुणवत्ता म्हणजे काय याचं उत्तर प्रयोगशाळेत एक असतं आणि मार्केट यार्डात दुसरं.

दुसरा तडाखा यापेक्षा वाईट. पहिल्या वर्षी त्यांनी गंधक मारलं आणि चार दिवसांनी फुलकिड्यांसाठी निंबोळी तेल. दोन्ही 'नैसर्गिक', म्हणून दोन्ही निरुपद्रवी, असा हिशेब. गंधकावर तेल पडलं की पान भाजतं; मधे दोनेक आठवडे जावे लागतात. सहाव्या दिवशी पानांच्या कडा विडीनं चटका दिल्यासारख्या झाल्या. तेलाचा कडवटपणा फळालाही आला. "आमच्या हिनं एक खाल्लं आन् थुकलं," आबा सांगतात. काकी दारातून म्हणतात, "थुकलं न्हाय, गिळलं. तुमच्यासमोर थुकू व्हय?"

बांधाच्या टोकाला, जांभळाखाली, सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. महाबळेश्वरात खादी ग्रामोद्योगाचं मध संचालनालय आहे, आणि मांघर हे जवळचंच गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. इकडं पेटी नवलाची नाही. स्ट्रॉबेरीला माशी नको असं कोणी म्हणत नाही, पण तिचं काम किती, ते फळ वाकडं झाल्यावर कळतं. फळावरची प्रत्येक बी म्हणजे एक स्वतंत्र फलित झालेला दाणा, आणि ज्या दाण्याला पराग मिळाला त्याच्याभोवतीचाच गर फुगतो. अर्ध्या दाण्यांना मिळाला तर फळ अर्धं. दुसऱ्या बाजूला सुरकुती पडते, बिया एकवटतात, आणि त्या घडीत पाकळी अडकते. पुढं काय होतं ते मघाशी पाहिलंच.

मी पेटीसमोर उकिडवी बसते. माश्या पिवळे पाय घेऊन परततात. पुतण्याला इथं एक वेगळीच कल्पना खुणावते. कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं की पेटीच्या तोंडाशी उपकारक बुरशीची भुकटी ठेवली तर बाहेर पडणारी माशी ती पायांना लावून नेते आणि थेट स्ट्रॉबेरीच्या फुलात पोचवते. पुढं फिनलंडमध्ये शेतकऱ्यांनी हे खरोखर वापरलं. पंप फवारतो तेव्हा पान, कागद, सरी, माणूस सगळं भिजतं. माशी फक्त फुलावर उतरते, आणि फुलावरच काम आहे. मला ही कल्पना अतोनात आवडते. आबांना तितकी नाही. त्यांना आधी माश्या आग्या मोहोळासारख्या चिडणार नाहीत ना, हे हवंय.

मग पुतण्या मोबाइलवर आणखी एक दाखवतो. रात्रीची वेळ, स्ट्रॉबेरीच्या रांगा, आणि त्यांच्यावरून माणसाशिवाय चाललेलं एक यंत्र, पोटाखाली निळसर दिवे. ते अतिनील किरण, सी प्रकारचे. दिवसाही ते बुरशीचा आतला आराखडा तोडतात, पण बुरशीकडं दुरुस्तीची सोय आहे आणि ती सूर्याच्या निळ्या प्रकाशावर चालते. म्हणून रात्री मारायचं. सकाळ होईस्तोवर दुरुस्ती होत नाही आणि बुरशी मरते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आणि तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी हे उभं केलं. फळावर काहीच शिल्लक राहत नाही, थांबायचे दिवस शून्य. ऐकायला हवं तसं सगळं.

आबा शांतपणे सगळं बघतात.

"हितं रातीला गवं येत्यात. दिवा घेऊन म्होरं कोण चालणार?"

जंगलातल्या गव्यांबद्दल ते बोलतायत. मागच्या आठवड्यात दोन वाफे तुडवून गेले. कागदावर खुरांचे खड्डे अजून आहेत.

दुपारी जेवायला घरात. भाकरी, पावट्याची आमटी, खर्डा. स्वयंपाकघरात खिडकीशेजारच्या फळीवर सहा पनेट ओळीनं ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीवर खडूनं तारीख आणि 'व' किंवा 'ख'. वरचा, खालचा. प्रत्येक तोड्यातली एकेक पनेट आबा विकत नाहीत, इथं ठेवतात, फ्रीजबाहेर. कोणाला कितव्या दिवशी दाढी येते ते बघायचं. हा त्यांचा अभ्यास. काकींच्या मते उंदरांची सोय.

मी एकेक झाकण उघडते. मागच्या तोड्याच्या दोन्ही ठीक, 'ख'मधली जरा जास्त टणक वाटतात. वरच्या टप्प्याला नत्र जास्त जातं, पान गर्द होतं, फळ मोठं आणि मऊ. म्हणजे टणकपणाचं श्रेय ताकाला द्यावं की युरिया न दिल्याला, याचा निवाडा ही फळी करू शकत नाही. त्याआधीच्या तोड्याच्या दोन पनेट: 'व'मध्ये एक फळ मऊ, 'ख'मध्ये एक पुरतं राखाडी आणि त्याला टेकलेली तीन त्याच वाटेवर. एक सडलं की शेजारी सडतो, हे पनेटच्या आकारमानात फार लवकर घडतं. मी आबांकडं बघते.

"ढगाळ व्हतं तवा. नाताळाच्या आधी." ते भाकरी मोडतात. "त्या हप्त्यात खालच्याला मार बसतो. दर साली. वरचं निभावतं."

ते हे लपवत नाहीत आणि मलाही लपवायचं नाही. कोरडा आठवडा असेल तर खालचं वावर वरच्याच्या बरोबरीनं चालतं, कधी पुढंही. सलग तीन दिवस ढग आणि झिमझिम आली की जिवाणूंची धाव तोकडी पडते. या डोंगराला ओलावा किती मानवतो याची साक्ष गावातच आहे. जिथं गव्हाचं पीक फारसं दिसत नाही त्या महाबळेश्वरात गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे. त्या बुरशीलाही इथली हवा आवडते. मग आबा का करतात? मी विचारते. ते फळीकडं न बघता, अंगणात क्रेट रचणाऱ्या बायांकडं हनुवटीनं खूण करतात. दोघीजणी फुटकं फळ खात बसल्यात. नवी पोरगी बोटं चाटतेय.

जेवताना पुतण्या कायटोसानचा विषय काढतो. तोडल्यानंतर फळाला त्याच्या द्रावणात बुडवलं की पातळ, न दिसणारा थर बसतो, बुरशी आणि सुकणं दोन्ही मंदावतं. १९९१ पासून स्ट्रॉबेरीवर हे तपासलं गेलंय. शिवाय वास नाही, रंग नाही.

"कशाचं करत्यात त्ये?" भिंतीला टेकून बसलेल्या आबांच्या आई विचारतात. इतका वेळ त्या झोपल्यात असं मला वाटत होतं.

"कोळंबीच्या, खेकड्याच्या कवचाचं."

"मंग उपासाला कसं चालंल?"

पुतण्याकडं उत्तर नाही. संकष्टीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या बाजारात स्ट्रॉबेरी उचलणाऱ्या किती बायका हा प्रश्न विचारतील याचा हिशेब कोणत्याच अभ्यासात नसणार.

साडेचार. बाया निघाल्यात. आबा सोळा लिटरचा पंप पाठीला लावून खालच्या टप्प्याच्या तोंडाशी उभे आहेत. आत आज सांजेचं पाणी, ट्रायकोडर्मा. वेळ अवघड असते. फार लवकर मारलं तर ऊन ट्रायकोडर्मालाच मारतं. फार उशिरा मारलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि ज्याच्याविरुद्ध मारलं त्याचीच सोय होते. मधली तासाभराची फट तेवढी आपली. नळीचं तोंड फुलांच्या उंचीवर धरून ते पहिला वाफा घेतात. फवारा इतका बारीक की तिरक्या उन्हात क्षणभर रंग दिसतात.

दुसऱ्या वाफ्याच्या मध्यावर ते थांबतात. पश्चिमेकडून, कोकणच्या बाजूनं, ढगांची एक जाड पट्टी वर येतेय. ऊन जातं. वारा पडतो. आबा एक पान तळहातात घेतात, सोडतात, आभाळाकडं बघतात. आज हे पाणी वाळणार नाही.

पंप खाली उतरतो. पट्टे सुटतात. बांधावर बायांनी उलट्या वाळत घातलेल्या बादल्यांतली एक ते उचलतात आणि मघाशी एकदा वेचून झालेल्या सरीत पुन्हा उतरतात. पानं उलटत, बुडाशी चिकटलेल्या वाळक्या पाकळ्या नखानं सोडवत. काकी काही न बोलता शेजारच्या सरीत येतात.

बादल्या अजून सात आहेत. मी एक उचलते. तिसऱ्या झाडाशीच, हिरव्या फळाच्या टोपीखाली, विडीच्या कागदासारखी एक पाकळी सापडते. ओढली तर तुटते. काकी माझा हात धरून दाखवतात: ओढायची नाही, खालून ढकलायची.